पेपर चालवणारे बाबासाहेब

बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? निळा कोट, काखेत राज्यघटना, पुढे केलेलं बोट. शाळेत सिव्हिक्सच्या पुस्तकात ते आम्हाला दोन ओळींत भेटले : घटनेचे शिल्पकार, जन्म १८९१, मृत्यू १९५६, फुल स्टॉप. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे त्या दोन ओळीसुद्धा इंग्लिशमधून! पण हा माणूस १९२० पासून मरेपर्यंत, म्हणजे ३६ वर्षं, मधले काही खंड सोडले तर या ना त्या मराठी पेपरशी बांधलेला होता, हे मात्र कुठल्याच पुस्तकात मला भेटलं नाही. आज मला त्या संपादक बाबासाहेबांबद्दल लिहायचंय.

मित्रांनो, आपण ई अँड टीसीवाले रोज ‘चॅनेल’ हा शब्द वापरतो. बँडविड्थ किती, नॉइज किती, सिग्नल पोचला की नाही, सगळं शिकतो. पण ते चॅनेल कोणाच्या मालकीचं आणि त्यावरून कोणाचा सिग्नल मुळात सोडलाच जात नाही, हा प्रश्न आपल्या सिलॅबसमध्ये नाही. बाबासाहेबांचं अर्धं आयुष्य त्याच प्रश्नाशी झगडण्यात गेलं.

बाबासाहेब आपल्याच जिल्ह्याचे. जन्म महूच्या लष्करी छावणीत, १४ एप्रिल १८९१ रोजी, पण घराणं मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचं. गावावरून आडनाव आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही काळ दापोलीला राहिलं, मग साताऱ्याला गेलं. घर कबीरपंथी. अभंग, दोहे लहानपणापासून कानावर. शाळेत संस्कृत घ्यायची इच्छा होती, पण अस्पृश्य म्हणून मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे या माणसाच्या पेपरच्या पहिल्या पानावर तुकोबा आणि ज्ञानदेव येणार आहेत.

दापोलीचं नाव निघालंच आहे तर अजून एक सांगते. बाबासाहेबांच्या आधी याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर नावाचे निवृत्त सैनिक राहत होते. त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. ‘दीनबंधु’ आणि आगरकरांच्या ‘सुधारक’मध्येही ते लिहायचे. पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढला. म्हणजे वाट अगदीच कोरी नव्हती. पण एकेकटी माणसं, थोडे पैसे, आणि बाजूला मोठमोठे पेपर.

आता त्या मोठ्या पेपरांबद्दल. रत्नागिरीत राहून लोकमान्य टिळकांचं नाव न घेणं शक्यच नाही. त्यांचा जन्म इथलाच, १८५६ चा. १८७८ साली लिटनच्या सरकारने देशी भाषांतल्या पेपरांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला होता. तो अजून अंमलात असताना, ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ सुरू झाला. १८८२ मध्ये रिपनने तो कायदा रद्द केला. माध्यमांचं उदारीकरण म्हणजे काय, तर हे त्याचं एक जुनं रूप. मात्र त्याच वर्षी टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, हेही खरं. पुढे १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षा, मंडालेची सहा वर्षं. त्या काळात ‘केसरी’ हा सरकारी आवाजाला दिलेला पर्यायी आवाज होता, यात शंका नाही. पण पर्यायी आवाजसुद्धा एक दिवस मोठा होतो, आणि मग त्याच्याही दारात कोणीतरी उभं असतं.

बाबासाहेब १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडन. १९१७ मध्ये परत आले आणि बडोद्याला नोकरीत रुजू झाले तर राहायला जागा मिळेना, फाईल हातात द्यायला शिपाई तयार होईना. बडोदा सोडलं. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. १९१९ च्या जानेवारीत त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला पत्र लिहिलं ते स्वतःच्या नावाने नाही, ‘एक महार’ अशा सहीने. एवढा शिकलेला माणूस, आणि पेपरात शिरायला ही अशी फट शोधावी लागते! साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तीही त्याच महिन्यात. प्रतिनिधी हवेत, हे तिथे मांडून झालं. पण प्रतिनिधी काय बोलतो ते लोकांपर्यंत नेणार कोण?

म्हणून ३१ जानेवारी १९२०, शनिवार. मुंबईत ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपये दिले. तेव्हा १९१० चा प्रेस ॲक्ट चालू होता. नव्या छापखान्याकडून सरकार ५०० ते २००० रुपये अनामत मागू शकायचं. त्यावरून २५०० ही रक्कम त्या काळी केवढी होती याचा अंदाज करा. बाबासाहेब सरकारी कॉलेजात नोकरीला, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं, पण पहिल्या अंकाचा अग्रलेख बाबासाहेबांचा. शिरोभागी तुकारामांचा अभंग.

तो अग्रलेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा अर्थ लावत, दुसऱ्यांदा मजा घेत. (मराठी मला सावकाश वाचता येतं, पण त्याचा फायदाही आहे, वाक्य सुटत नाही.) त्यात ते हिंदू समाजाला एका मनोऱ्याची उपमा देतात. एकावर एक मजले, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिनाच नाही. ज्या मजल्यावर जन्मलात तिथेच मरायचं. आर्किटेक्टने असा प्लॅन सबमिट केला तर सर त्याला नापास करतील! दुसरी उपमा आगबोटीची. दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडणारा उतारू शेवटी स्वतःही त्याच बोटीत असतो, म्हणून बुडतो. हे खास पेपरांसाठी लिहिलंय. बहुतेक पेपर एकेका जातीचं हित बघतात आणि इतरांच्या हिताची पर्वा करत नाहीत, ही त्यांची तक्रार. तरी ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोध पत्रिका’ अशा पेपरांची नावं घेऊन ते कबूल करतात की तिथे आमच्या प्रश्नांची चर्चा होते. पण त्यांच्यात आम्हाला पुरेशी जागा मिळणार नाही, म्हणून स्वतंत्र पत्र. राग आहे, पण हिशेबही चोख आहे.

आणि मग ती जाहिरातीची गोष्ट. ‘मूकनायक’ निघतोय अशी जाहिरात पैसे घेऊन छापा, अशी विनंती ‘केसरी’ला केली होती. ती नाकारली गेली, असं बाबासाहेबांनी पुढे आपल्या पेपरात लिहून ठेवलंय. बातमी नव्हे, लेख नव्हे, पैसे मोजून जाहिरात! रत्नागिरीकर म्हणून हे लिहिताना जरा जड जातं. आपण टिळक जयंतीला भाषणं करतो ती मनापासून करतो. पण तुरुंगात जाणारा पेपरही एखाद्याला दार बंद करू शकतो, हेही तितकंच खरं आहे आणि एका खऱ्यासाठी दुसरं झाकायची मला गरज वाटत नाही.

मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांचं नेतृत्व उघडपणे मान्य केलं. जुलैमध्ये बाबासाहेब राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. पेपर ज्ञानदेव घोलप बघू लागले. पुढे वाद झाले, पैसा संपला. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडला.

इथे मी थांबून तारखा परत बघितल्या. १९१० चा तो प्रेस ॲक्ट सरकारने रद्द केला १९२२ मध्ये! म्हणजे कायदा सैल झाला आणि पुढच्याच वर्षी पेपर मेला. सरकारने मारला नाही. वर्गणीदार कमी, जाहिराती नाहीत, चालवणारा माणूस सातासमुद्रापार. बोलायला परवानगी असणं आणि बोलायला साधन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा या दोन तारखांनी जास्त नीट समजावलं.

बाबासाहेब १९२३ मध्ये परत आले. डी.एस्सी., बॅरिस्टर. एवढ्या डिग्र्या घेतलेल्या माणसाने आरामात हायकोर्टात प्रॅक्टिस केली असती. २० मार्च १९२७ ला त्यांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं. हे तळं सगळ्यांना खुलं आहे असा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केलेला, पण तो कागदावर. त्या दिवशी गावात परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली. नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. आणि पेपरांतून सुरू झालं उलटसुलट लिखाण. दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ ला, ‘बहिष्कृत भारत’ निघाला. घटना आपली, मग तिचा वृत्तांतही आपणच लिहायचा. या वेळी शिरोभागी ज्ञानेश्वरीतली ओवी, आणि संपादक म्हणून नाव उघडपणे त्यांचं स्वतःचं. संस्कृत नाकारलेल्या मुलाने ज्ञानदेवांना हाताशी धरून संस्कृतवाल्यांशी वाद घातला, हे मला फार आवडतं.

त्या अंकांत काय नाही? महाडची हकीकत, धर्मशास्त्र, कायदेमंडळातली चर्चा, ‘आजकालचे प्रश्न’ नावाचं सदर, ‘केसरी’ आणि ‘भाला’ यांना दिलेली उत्तरं. ती उत्तरं कोर्टातल्या उलटतपासणीसारखी आहेत. समोरच्याचा मुद्दा आधी पुरा मांडायचा, मग एकेक खिळा काढायचा. भाषा मात्र कॉलेजच्या प्रोफेसरची नाही. म्हणी, टोमणे, आपल्याकडे अंगणात बसून म्हातारी माणसं बोलतात तशी ठसक्यातली. इंग्लिशमध्ये रुपयाच्या प्रश्नावर जाडजूड ग्रंथ लिहिणारा हाच माणूस. तो ग्रंथ तज्ज्ञांसाठी. पेपर ज्यांच्यासाठी होता ते मराठी बोलायचे, आणि त्यातल्या पुष्कळांना वाचता येत नव्हतं. एकाने वाचायचं, दहाजणांनी ऐकायचं. मुंबईच्या चाळींत आपल्या कोकणातून गिरणीत गेलेली कितीतरी माणसं होती, त्यांच्यात असा पेपर ऐकला जायचा.

पगारी लेखक ठेवायला पैसे नव्हते. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढावे लागतात, असं त्यांनीच नमूद केलंय. आमच्या या मॅगझिनच्या मराठी विभागात आठ लेख जमवताना एडिटरच्या नाकी नऊ येतात. आणि तिथे वकिली, कॉलेजात शिकवणं, कायदेमंडळ, सत्याग्रहाचे दावे, आणि वर हे चोवीस रकाने! पेपरसाठी लोकांकडे मदत मागितली, फार जमली नाही. १५ नोव्हेंबर १९२९ ला ‘बहिष्कृत भारत’ही थांबला.

मध्येच एक वेगळीच गोष्ट घडली होती. समाज समता संघाचं ‘समता’ हे पत्र १९२८ मध्ये निघालं, संपादक देवराव नाईक, जन्माने ब्राह्मण. आणि या संघाच्या कामात पुण्यात पुढे होते श्रीधरपंत टिळक, लोकमान्यांचे चिरंजीव. ज्या गायकवाड वाड्यातून ‘केसरी’ निघायचा त्याच वाड्यात श्रीधरपंतांनी बाबासाहेबांना बोलावून सहभोजन केलं. त्याच वर्षी मे महिन्यात श्रीधरपंतांनी आपलं आयुष्य संपवलं. जाण्याआधी लिहिलेल्या पत्रांतलं एक बाबासाहेबांना होतं. वडिलांच्या पेपरने ज्यांची जाहिरात नाकारली, त्यांना मुलाचं शेवटचं पत्र. इतिहास आपण समजतो तेवढा दोन बाजूंचा नसतो.

२४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ सुरू झाला. हा मात्र टिकला, पंचवीस वर्षं. आधी देवराव नाईक, मग इतर सहकारी संपादक, आणि पुढे स्वतःचा भारतभूषण छापखाना. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ‘जनता’चा काळ फार महत्त्वाचा, कारण खोती. आजच्या मुलांना खोत म्हणजे एक आडनाव वाटतं. पूर्वी खोत म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्यातला मालक. सारा तो गोळा करणार, कूळ राबणार, वेठही करणार. रत्नागिरी आणि तेव्हाचा कुलाबा जिल्हा यात पिचले होते, महार आणि कुणबी दोघंही. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणच्या जिल्हा परिषदेत बाबासाहेब अध्यक्ष होते तेव्हाच खोतीचा विषय निघाला होता. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले. विधेयक काही पास झालं नाही, खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. पण कुळाची बाजू आठवड्यामागून आठवडा छापणारी जी थोडी पत्रं होती त्यात ‘जनता’ होता. ज्याची जमीन नाही त्याची जाहिरात नाही, आणि ज्याची जाहिरात नाही त्याची बातमी कोण घेणार?

हा जाहिरातीचा काटा त्यांच्या मनातून कधी निघाला नाही. १९४३ मध्ये पुण्यात रानडे जयंतीच्या भाषणात त्यांनी सांगितलं की पत्रकारिता एके काळी पेशा होती, आता ती साबण बनवण्यासारखा धंदा झालीय. १९४५ च्या पुस्तकात लिहिलं की अस्पृश्यांना स्वतःचा प्रेस नाही आणि होणंही अवघड, कारण जाहिरातीशिवाय पेपर जगत नाही.

मग १९९१ नंतरचं आपलं उदारीकरण. आई-बाबा सांगतात की त्यांच्या लहानपणी एक दूरदर्शन होतं, मग छत्रीसारख्या डिश आल्या आणि चॅनेल्सचा पूर. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, कोणा एकाची नाही, सरकारचीही नाही. २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना कम्युनिटी रेडिओ चालवायची मुभा मिळाली, २००६ मध्ये सामाजिक संस्थांनाही. ट्रान्समीटर छोटा, खर्च मोठ्या स्टेशनच्या मानाने किरकोळ, आणि ते जोडणारी पोरं आपल्यासारख्या कॉलेजांत बसलेली. परवाने मात्र आधी झपाट्याने भरले ते गाणी आणि जाहिरातीवाल्या मोठ्या स्टेशन्सनी. दार उघडलं की आधी ज्याच्याकडे गाडी आहे तोच आत शिरतो, असं मला तरी दिसतं. कोणी म्हणेल, आता मोबाइल आहे, प्रत्येकजण संपादक. असेल. पण चोवीस रकाने विचार करून लिहिणारा आणि विरोधकाचा मुद्दा आधी पुरा मांडणारा संपादक मोबाइलबरोबर बॉक्समध्ये येत नाही!

घटना लिहिताना बाबासाहेबांपुढे हा प्रश्न आला होता. वृत्तपत्रस्वातंत्र्याचं वेगळं कलम का नाही, असं सभागृहात विचारलं गेलं. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी उत्तर दिलं की प्रेस म्हणजे नागरिकाचं किंवा व्यक्तीचंच दुसरं नाव, जे हक्क नागरिकाला नाहीत ते प्रेसला वेगळे द्यायचं कारण नाही. म्हणून कलम १९ मध्ये फक्त बोलण्याचं आणि मत मांडण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि ते प्रत्येक नागरिकाचं आहे. मालकाचं जेवढं, तेवढंच आंबडव्यातल्या कुळाचं. ज्याने स्वतः दोन पेपर बंद पडताना बघितले त्याने हे लिहिलंय.

शेवटची वर्षं आजारपणाची. डायबेटिस, पाय दुखायचे, दृष्टी अधू झालेली. तरी ४ फेब्रुवारी १९५६ ला ‘जनता’चं नाव बदलून ‘प्रबुद्ध भारत’ केलं. मूक, मग बहिष्कृत, मग समता, मग जनता, मग प्रबुद्ध. नावं नुसती ओळीने वाचली तरी प्रवास कळतो. १४ ऑक्टोबरला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, लाखो लोकांसह. ६ डिसेंबरला दिल्लीत ते गेले. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं, दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये पुस्तकरूपाने छापले. टाइप जुना आहे, वाक्यं लांब आहेत. सावकाश वाचलं तर जमतं.